कोरी चप्पल

आमच्यात नवी चप्पल आणली की ती लगेच पायात जात नसे. आबा बाजारातून चप्पल आणायचे आणि आई तिला तेल पाजायची. करडईचं तेल कोमट करायचं, चिंधीने तळाला, पट्ट्यांना, अंगठ्याला चोळायचं, चप्पल उलटी करून उन्हात ठेवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असे पंधरा दिवस. त्यानंतर आठवडाभर ती फक्त संध्याकाळी, चुलीपासून घोड्यापर्यंत जाण्यायेण्यापुरती घालायची. कातडं एकदा पायाला ओळखू लागलं की मग ती मेंढरांमागे जायला लायक झाली, असं आई म्हणायची. कोरी चप्पल घालून कोस चाललेला माणूस पुढचे दहा दिवस कामाचा राहत नाही, हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते कुणाला माहीत नव्हतं म्हणून झालं, असं कुणी म्हणू नये.

आम्ही पूर्वेकडच्या कोरड्या मुलखातले धनगर. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादून पश्चिमेला कडेगावकडे, उसाच्या पट्ट्यात निघायचं आणि पावसाळ्याच्या तोंडाला परतायचं. ऊस तुटला की मोकळ्या रानात मेंढरं बसवायची, रानाला खत मिळायचं, आम्हाला जोंधळे मिळायचे. पहाटे जाग यायची ती मेंढरांच्या खोकण्याने. मेंढरं खोकतात हे शहरातल्या लोकांना सांगितलं की ते हसतात. त्यानंतर भाकरी थापल्याचा आवाज, कुत्र्याचं जांभई देणं, आबांचं घसा खाकरणं. सकाळी हुलग्याचं माडगं, दुपारी बाजरीची भाकरी आणि ठेचा, रात्री जमलं तर कोरड्यास. अंगाला, भाकरीला, वह्यांना, सगळ्याला लोकरीचा वास. मला त्याचं काही वाटायचं नाही. शाळेत वाटू लागलं.

आबा कधी धावत नसत. मेंढरांमागे धावलं की मेंढरं बिचकतात, मग दिवसभर गोळा करत बसावं लागतं. म्हणून आमच्यातली माणसं धावायच्या ऐवजी चालतात, पण अशी चालतात की धावणाऱ्याला मागे टाकावं. गुडघा ताठ, टाच आधी टेकायची, कमरेतून पाय पुढे फेकायचा. मला हे कुणी शिकवलं नाही. आबांच्या मागे राहायचं असेल तर तसंच चालावं लागायचं. मागे पडलं की ते वळूनही बघायचे नाहीत.

मी कडेगावच्या वसतिगृहात राहून शिकत होते. सुट्टीला बिऱ्हाड जिथे असेल तिथे जायचं. एका सोमवारी बिऱ्हाड नऊ किलोमीटरवर होतं, एसटी चुकली, म्हणून मी चालत शाळेत आले. खेळाच्या शिंदे मॅडम फाटकात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, किती वाजता निघालीस? मी सांगितलं. त्यांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, "खोटं बोलू नकोस." मला राग आला. मी म्हटलं, "मग उद्या तुम्ही सायकलवर चला माझ्याबरोबर." त्या खरंच आल्या. परत येताना त्यांना दम लागला होता आणि त्या हसत होत्या. चालण्याचीसुद्धा शर्यत असते, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं. नियम दोनच. एक पाय कायम जमिनीवर पाहिजे आणि टेकलेल्या पायाचा गुडघा ताठ पाहिजे. मॅडम म्हणाल्या, "पोरींना हे शिकवायला दोन वर्षं लागतात, तू तर शिकूनच आलीस."

पुढची तीन वर्षं दर शनिवार-रविवार आम्ही सांगलीच्या मैदानावर. पहाटेची पहिली एसटी, मॅडमच्या पिशवीत शेंगदाण्याचे लाडू, माझ्या पायात त्यांनी आणलेले बूट. तालुका, जिल्हा, राज्य, देश असं करत मी सतराव्या वर्षी त्या मोठ्या स्पर्धेसाठी निवडली गेले. कितीतरी देशांतली माझ्या वयाची मुलंमुली येणार होती आणि स्पर्धा आपल्याकडेच भरणार होती. मुलींची पाच हजार मीटर चालण्याची शर्यत, मैदानाच्या साडेबारा फेऱ्या. त्या वर्षीची माझी वेळ अशी होती की पहिल्या तिघींत येणं ही बढाई नव्हती, साधा हिशेब होता. मी तो हिशेब रोज करायचे. पदक मिळालं असतं तर मला खेळाडू म्हणून नोकरी होती, आणि नोकरी असती तर आबांना कुणाच्या बंगल्याच्या पायरीखाली उभं राहून "यंदा रानात बसवू का मेंढरं?" असं विचारावं लागलं नसतं. मला देशासाठी वगैरे काही वाटत नव्हतं. मला ती पायरी डोळ्यांपुढे दिसायची.

ती पायरी दादासाहेबांची होती. दादासाहेब म्हणजे आमच्या पट्ट्यातले पुढारी. त्यांचं रान मोठं, शब्द मोठा, आवाज त्याहून मोठा. माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही. वसतिगृहात त्यांच्याच ओळखीने मला जागा मिळाली होती, आणि हे मला ते भेटतील तेव्हा ऐकवायचे.

स्पर्धेआधी एक महिना आमचं शिबिर शहरात होतं, त्याच मोठ्या मैदानाच्या शेजारी. तिथे गेल्यावर मला 'यजमान' या शब्दाचा वीट आला. आपल्याकडे घरचं कार्य असलं की घरची माणसं शेवटच्या पंगतीला बसतात. आधी पाहुणे, मग व्याही, मग गाव, आणि सगळं आवरल्यावर उरलेला भात घरच्या बायका खातात. ही रीत लग्नात ठीक आहे. शिबिरात ती जशीच्या तशी चालवली होती. सकाळी सहा ते दहा सरावाचं मैदान पाहुण्या संघांना, आम्हाला अकरानंतर, उन्हात. जेवायला गेलं की दारातला माणूस हात आडवा करायचा, "थांबा जरा, पाहुण्यांचं होऊ दे." पाय चोळून देणाऱ्या बाई दोनच, त्याही पाहुण्यांकडे. आमच्या पथकाचे व्यवस्थापक म्हणायचे, "आपल्या घरचं कार्य आहे, थोडं इकडेतिकडे व्हायचंच." मी एकदा विचारलं, "सर, कार्यात नवरीलापण शेवटच्या पंगतीला बसवतात का?" ते म्हणाले, "तू फार बोलतेस." शिंदे मॅडमना तर आत यायचा पासही मिळाला नव्हता. त्या जाळीपलीकडून घड्याळ हातात धरून माझ्या वेळा घ्यायच्या.

शर्यतीला पाच दिवस असताना व्यवस्थापकांनी मला बोलावून सांगितलं, बॅग भर, तुला गावी जायचंय. स्पर्धेची ज्योत साताऱ्याहून कराडमार्गे कडेगावला येणार होती आणि पुढे सांगलीला जाणार होती. दादासाहेबांचं पत्र आलं होतं, की आमच्या तालुक्याची मुलगी स्पर्धेत आहे, तेव्हा आमच्या हद्दीत ज्योत तिच्याच हातात हवी. मी म्हटलं, "सर, पाच दिवस राहिलेत." ते म्हणाले, "एका दिवसाचा प्रश्न आहे. आणि तुला चालायचंच तर आहे, सरावच होईल." मॅडम त्या दिवशी शाळेच्या परीक्षेसाठी कडेगावला परतल्या होत्या. त्या असत्या तर जाळी तोडून आत आल्या असत्या, असं मला अजून वाटतं. पण नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी गावाबाहेरच्या शाळेच्या एका खोलीत उभी होते. आई आणि आबांना गाडी पाठवून बिऱ्हाडावरून आणलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा ते मोटारीत बसले होते. आबांच्या डोक्यावर कुणीतरी गुलाबी फेटा बांधत होतं. माझ्यासाठी हिरवी नऊवारी, नथ, हार आणि एक पुठ्ठ्याचं खोकं होतं. खोक्यात कोरी करकरीत चप्पल. जाड तळाची, लाल गोंड्याची. टाचेखाली वादीच्या शिवणीची गाठ वर आलेली बोटाला लागत होती.

"मी बूट घालते," मी म्हटलं.

दादासाहेबांचा सगळा कारभार बघणारे तानाजीराव तिथे होते. ते हसले. "नऊवारीखाली बूट? अगं फॉरेनची मान्सं फोटो काडणार हायत. आपली संस्कृती दाखवायची का तुजं बूट?"

"चार किलोमीटर चालायचंय. परवाच्या परवा माझी शर्यत आहे."

"मग? चार किलोमीटर म्हंजे तुला काय? तुमी लोक तर जन्मभर चालत्यायसा."

आईने खोक्यातून चप्पल उचलली, वाकवून बघितली. ती वाकली नाही. आई म्हणाली, "आवं तानाजीराव, कोरी हाय की ही. तेल न्हाई पाजल्यालं. पोरीचं पाय सोलून निगतील."

"आक्का, तुमी चा घ्या," तानाजीराव म्हणाले.

"चा घेतला मी. पायाचं बोला."

"दादासायबांनी सोता निवडलीया चप्पल. त्यास्नी जाऊन सांगू का, धनगरीन म्हंती चप्पल बराबर न्हाई म्हणून?"

आई आबांकडे बघायला लागली. मीही बघितलं. आबा त्या चपलेकडे बघत होते. मेंढराच्या खुराकडे नजर टाकून ते पायाला काय झालंय ते सांगायचे, हात लावावा लागायचा नाही. तसेच ते त्या चपलेकडे बघत होते. मग फेटा बांधणारा म्हणाला, "पावनं, मान वर करा," आणि आबांनी मान वर केली. ती मग खाली आलीच नाही.

मी चप्पल घातली. ती कुणी जबरदस्तीने माझ्या पायात घातली नाही, मी माझ्या हाताने घातली. या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग येतो, आणि तो राग कुणावर काढायचा हे मला अजून समजलेलं नाही.

ज्योत नऊला यायची होती. दीड वाजता आली. कुठल्यातरी साहेबांची गाडी मागे राहिली होती म्हणून ती कराडला थांबवली होती. साडेचार तास मी मांडवाच्या तोंडाशी, डांबरी रस्त्यावर, ओवाळणीचं ताट हातात घेऊन उभी. बसू दिलं नाही, नऊवारीच्या निऱ्या मोडतील म्हणून. हलगी वाजत होती, लेझीमवाल्या मुली घामाने निथळत होत्या. व्यासपीठावर दादासाहेबांच्या शेजारच्या खुर्चीत आबा बसले होते. दादासाहेब माइकवर म्हणाले, "कालपर्यंत हा मानूस आमच्या दारात उभा ऱ्हायचा. आज शेजारी बसलाय. का? तर पोरीमुळं!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबांनीही वाजवल्या. मला आजही हे लिहिताना दात आवळल्याशिवाय पुढे जाता येत नाही. खुर्ची द्यायचीच होती तर गुपचूप द्यायची, ती दिल्याचं माइकवरून सांगायचं कशाला?

ज्योत आली. दोन परदेशी पाहुणे आले, त्यांना मी ओवाळलं. त्यांच्या पायांत बूट होते, चांगले जाड तळाचे. मग मशाल हातात घेऊन चार किलोमीटर. पहिल्या किलोमीटरला अंगठ्यात कातडं घुसलं. दुसऱ्याला उजव्या टाचेखालच्या गाठीने फोड आणला. तिसऱ्याला तो फुटला. मशाल वर धरायची, हसायचं, आणि दोन्ही बाजूंनी लोक ओरडतायत, "हळू चाल की गं, फोटो यायला पायजे!" हळू चाललं की चप्पल जास्त चावते, हे त्यांना कुठून माहीत असणार? शेवटाला चप्पल काढली तेव्हा आतलं कातडं लाल झालं होतं. तानाजीराव म्हणाले, "लय झ्याक झालं बग." आईने माझा पाय मांडीवर घेतला, पदराने पुसला आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "तुमच्या बैलाला तरी तुमी असं जुपलं नसतं."

संध्याकाळी मी शिबिरात परतायला निघाले, तेव्हा परीक्षा आटोपून मॅडम बस-स्टँडवर आल्या. त्यांनी पाय बघितला आणि त्या पहिल्यांदाच माझ्यावर ओरडल्या. "तुला तोंड नव्हतं? नाही म्हणता येत नव्हतं?" मी म्हटलं, "म्हटलं होतं." त्या म्हणाल्या, "मोठ्याने म्हणायचं." मग त्यांनी मलम लावलं. मॅडमचंही बरोबर होतं. पण सतरा वर्षांच्या पोरीने मोठ्याने 'नाही' म्हणावं अशी अपेक्षा करताना तिच्याभोवती मोठी माणसं किती होती, तेही मोजायला हवं. मी आता मोजते. त्या खोलीत नऊ मोठी माणसं होती. बोलली एकटी आई.

शर्यतीच्या दिवशी पायाला पट्टी बांधून, वर दोन मोजे घालून मी उभी राहिले. पट्टीवाल्या डॉक्टर बाई म्हणाल्या, "भाग घेतला तरी पुष्कळ आहे."  स्टेडियम भरलेलं होतं. एका कोपऱ्यात दादासाहेबांनी तालुक्यातून आणलेल्या तीन बस भरून माणसं होती. हलगी, पिपाण्या, गुलाबी फेटे. त्यांच्यात आबा. मॅडम वरच्या रांगेत एकट्या, तिकीट काढून आलेल्या.

सात फेऱ्या मी तिसरी होते. पुढच्या दोघींपैकी एक दमत चालली होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. अजून तीन-चार फेऱ्यांत मी तिला मागे टाकलं असतं. हा अंदाज नाही, मी त्या श्वासावर वाढले आहे. कळपातलं कुठलं जनावर आता बसणार हे मला पाठीमागूनही कळतं. आठव्या फेरीत टाचेची खपली गेली. चालण्याच्या शर्यतीत टाच आधी टेकते आणि सगळं वजन ताठ गुडघ्यावरून तिच्यावर येतं. टाचेत आग पेटली की गुडघा आपणहून नरम पडतो. मी मनात आईची शपथ घालून सांगत होते, ताठ राहा, ताठ राहा. गुडघा माझं ऐकेना. एका पंच बाईंनी पिवळी चकती दाखवली. ती ताकीद असते. पुढच्या फेरीत फलकावर माझ्या नंबरापुढे लाल खूण लागली. मग दुसरी. तीन झाल्या की बाहेर. मी वेग कमी केला असता तर कदाचित सातवी-आठवी येऊन शर्यत पुरी केली असती. मला सातवी-आठवी यायचं नव्हतं. मी वेग वाढवला. अकराव्या फेरीत मुख्य पंच माझ्यासमोर आले आणि त्यांनी लाल चकती वर धरली.

आणि तेव्हा आमच्या तीन बसगाड्यांनी जो जल्लोष केला, तो मी कधी विसरणार नाही. लाल चकती म्हणजे शेवटची फेरी, किंवा पोरगी जिंकली, काय समजले कोण जाणे. हलगी घुमायला लागली. फेटे उडाले. "आली रे आली!" मी मैदानाच्या कडेला उभी, आणि माझा तालुका माझ्या बाद होण्यावर नाचतोय. वरच्या रांगेत मॅडम तोंडावर हात धरून उभ्या होत्या. ज्या मुलीचा श्वास मी ऐकत होते, ती तिसरी आली.

आठ दिवसांनी कडेगावात सत्कार. कशाचा? सहभागाचा. शाल, नारळ, तेच दादासाहेब, तोच माइक. मला म्हणाले, दोन शब्द बोल. मी उभी राहिले आणि म्हटलं, "मी हरले नाही. मला बाहेर काढलं. ज्योतीच्या दिवशी मला कोरी चप्पल घालून चालवलं, म्हणून माझा पाय..." इतकंच बोलता आलं. तानाजीरावांनी माइक काढून घेतला आणि म्हणाले, "पोरीचा कंठ दाटून आलाय, टाळ्या!" टाळ्या पडल्या. माझा कंठ दाटला नव्हता. उलट मी त्या दिवसांत सगळ्यात स्पष्ट बोलत होते.

पुढच्या हंगामात दादासाहेबांच्या रानात आमची मेंढरं बसली नाहीत. रान दुसऱ्याला दिलं, एवढंच कळवलं. आबांनी बिऱ्हाड आणखी दोन मुक्काम पुढे नेलं. त्यांनी मला बोल लावला नाही आणि मीही त्यांना लावला नाही. आमच्यात ते बोलणंच झालं नाही. चप्पल आई घेऊन गेली. तिने तिला महिनाभर तेल पाजलं आणि ती पाच वर्षं घातली. "चप्पल चांगली हुती," आई नंतर म्हणाली. "मान्सं कच्ची हुती." आई गेली तेव्हाही ती घोंगड्याखाली होती, तळ झिजून कागद झालेली.

त्यानंतर पाय बरा झाला, पण तशी वेळ माझ्याकडून पुन्हा नोंदली गेली नाही. असं का, याची उत्तरं लोक फार देतात. मी देत नाही. शिकले, डी.एड. झाले, बी.पी.एड. केलं, आणि गेली अनेक वर्षं मिरजेत शाळेत खेळ शिकवते. माझ्याकडे बावीस मुली आहेत, त्यातल्या चार चालतात. सामन्याआधी सत्कार नाही, हा माझा नियम आहे. जिंकल्यावर काय हार घालायचे ते घाला. नगरसेवक रुसतात, संस्थेचे लोक म्हणतात मॅडम उर्मट आहेत. असेन. एकदा एका आजोबांनी शर्यतीच्या आदल्या दिवशी मुलींना पेढे आणले, मी ते डबा बंद करून परत दिले. ते खूप दुखावले. त्यांचं वाईट वाटलं, पण पेढे परत घेतले नाहीत.

आता पुन्हा मोठ्या स्पर्धा आपल्याकडे भरवायच्या चर्चा जोरात आहेत. गेल्या महिन्यात तयारीच्या एका सोहळ्याचं पत्र शाळेत आलं. परदेशी पाहुण्यांच्या स्वागतासाठी वीस खेळाडू मुली पाठवाव्यात, नऊवारी साड्या आणि चपला आयोजक देतील, मुलींनी सकाळी सातपासून उपस्थित राहावं. मी तारीख बघितली. दोन दिवसांनी विभागीय स्पर्धा. पत्राखाली सही नवी होती, भाषा जुनीच.  मी मुख्याध्यापकांना सांगितलं, मुली जाणार नाहीत. ते म्हणाले, "अहो मॅडम, वरून आलंय. आणि मान आहे हा." मी म्हटलं, "मानाला सरावाच्या वेळेनंतर यायला सांगा." त्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, विचार करून सोमवारी लेखी द्या.

हे कुणाकडून आबांच्या कानावर गेलं कुणास ठाऊक. ते आता गावी असतात. मेंढरं नाहीत, काठी आहे आणि फोन आहे. फोनवर ते अजून रानातल्यासारखं ओरडून बोलतात.

"काय गं, पत्र आलंय म्हणं?"

"आलंय."

"मग धाड की पोरी. मोटी मान्सं बोलवत्यात. कशाला नडतीस?"

"आबा, चपला ते देणार आहेत."

 पलीकडे टीव्ही चालू होता तो कुणीतरी बंद केला. 

"कोऱ्या?" आबांनी विचारलं.

"कोऱ्याच असणार."

 मग ते नेहमीपेक्षा हळू म्हणाले, "मला तवाच दिसलं हुतं. टाचंखाली गाठ हुती."

इतक्या वर्षांत ते या विषयावर पहिल्यांदा बोलत होते. त्यांना दिसलं होतं, हे मला त्या खोलीतच कळलं होतं. तरी ते त्यांच्या तोंडून ऐकलं आणि मला रागच आला. मी त्यांना सोडवलं नाही. 'जाऊ द्या आबा' असं म्हणायची वेळ होती, बहुतेक मुलींनी म्हटलं असतं. 

"नगं," आबा म्हणाले. "नगं धाडू पोरी."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवून सोमवारचं पत्र लिहायला घेतलं. ज्योतीच्या दिवशी सकाळी त्या खोलीत त्यांचं एकटं 'नगं' पुरलं असतं.